मागच्या सीटवरचा ब्रेक

बाबांनी तीस वर्षं बस चालवली, त्यामुळे दुसऱ्याच्या हाती गाडी म्हणजे त्यांच्या जिवाला घोर. माझ्या स्पोर्ट टूरिंग मोटरसायकलवर मागे बसायला ते कसेबसे तयार झाले. दोघांच्या वजनासाठी मी मागचं सस्पेन्शन कडक केलं आणि त्यांना बजावलं, "वळणावर मी झुकेन तिकडेच झुका."

पहिल्याच वळणाला बाबा खांबासारखे ताठ! वरून उजवा पाय फूटरेस्टवर दाणकन दाबला. तिथे ब्रेक नसतो, हे त्यांच्या पायाला कोण सांगणार? दर वळणाला तेच. शेवटी माझं डोकं फिरलं. गाडी कडेला घेऊन मी म्हटलं, "बाबा, एक तर तुम्ही चालवा, नाहीतर मला चालवू द्या!"

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

पुढची चार वळणं गाडी कशी अलगद वळली. पाय हललाच नाही. मी हेल्मेटच्या माइकमध्ये विचारलं,

"बाबा, झोपलात की काय?"

"छे गं," हेल्मेटमधल्या स्पीकरवर त्यांचा आवाज आला. "डावीकडे केवढं तळं आहे! तीस वर्षं याच रस्त्याने बस नेली, पण कधी दिसलंच नाही."

मी मान वळवणार, तोच ते ओरडले, "तू नको बघूस, समोर बघ! मी सांगतो कसं आहे ते."