मण्यार ओळखताना

दक्षिणेकडच्या त्या उकाड्याच्या मुलखात साप चावला की नातेवाईक पेशंटबरोबर मेलेला सापही दवाखान्यात घेऊन येत. कुणी डब्यात, कुणी काठीला गुंडाळून. तो ओळखायचं काम सिस्टरांचं, कारण डॉक्टर नवे होते आणि सिस्टर बावीस वर्षं तिथेच होत्या. गावातले पेंटरकाकाही तसेच साप घेऊन आले. फक्त त्यांच्याबरोबर पेशंट नव्हता.

पहिल्यांदा त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यातून धामण काढली.

"विषारी आहे का?"

"छे, उंदीर खाते बिचारी. कुणाला चावली?"

"कुणाला नाही." डबा बंद करून ते चालू लागले.

पंधरा दिवसांनी दिवड आली. मग तस्कर. चौथ्या खेपेला कवड्या निघाला, तेव्हा सिस्टरांचा पारा चढला. "काका, चार गरीब जीव मारलेत तुम्ही! चाललंय काय हे?"

काका बाकावर बसले. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यामुळे त्यांच्या नखांत निळा रंग कायमचा बसला होता.

"मागच्या वर्षी आमची ही गेली. साप चावला असणार, असं इथलेच तेव्हाचे डॉक्टर म्हणाले. मी तर काहीच पाहिलं नाही. आता घरामागे जो दिसेल तो वाटतो, हाच. निदान कुठला होता, तेवढं तरी कळू दे."

काकू गेल्या तेव्हा सिस्टर रजेवर होत्या. त्यांनी जुना केसपेपर शोधून काढला. पहाटे पोटात कळ, उलटी, सूज नाही, जखम दिसत नाही, शेवटी श्वास बंद. त्या आत गेल्या आणि कपाटातली काचेची बरणी घेऊन आल्या. आत काळाभोर साप होता.

"मण्यार. हिचे पांढरे पट्टे बघा, जोडीजोडीनं असतात. डोक्याकडे पुसट, शेपटीकडे ठळक. कवड्याचं नेमकं उलटं. ही अंथरुणात शिरते, झोपेत चावते. माणसाला पत्ताच लागत नाही."

काकांनी बरणी बराच वेळ धरून ठेवली.

"म्हणजे तिला दुखलं नाही?"

"चावताना नाही."

त्यांनी मान हलवली. जायला उठले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "साप मारणं सोडा आणि आमची बाहेरची भिंत रंगवा. चार विषारी, चार बिनविषारी. लोकांना ओळखता येऊ देत. खालचा मजकूर डॉक्टर लिहून देतील."

काका दुसऱ्याच दिवशी शिडी घेऊन हजर. नाग, घोणस, फुरसं अर्ध्या अर्ध्या दिवसात झाले. मण्यारीला चार दिवस लागले. सिस्टर बाहेर डोकावल्या की काका बायकोबद्दल बोलत. "ती असती तर एव्हाना तीनदा चहा झाला असता. आणि सहादा टोमणे."

शेवटच्या दिवशी मण्यारीखाली एक ओळ दिसली: 'पापण्या जड झाल्या तर झोप आली असं समजू नका. ताबडतोब आणा.'

"ही ओळ डॉक्टरांच्या मजकुरात नव्हती," सिस्टर म्हणाल्या.

"नव्हती." काका ब्रश पुसत राहिले. "पोट दुखतंय म्हणाली, मी गोळी दिली. मग म्हणाली, डोळे आपोआप मिटतायत, जरा पडते, चहाला उठवा. मला वाटलं, झोप झाली नसेल. मी तिच्या अंगावर पांघरूण घातलं, सिस्टर. आणि बाहेर पाटी रंगवत बसलो."

तुमची चूक नाही, असं सिस्टर म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नोकरीच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा एका पेशंटला असंच झोपू दिलं होतं. आणि मी तर शिकून आले होते." हे त्या कुणाजवळ पहिल्यांदाच बोलत होत्या.

काकांनी डोळे टिपले. मग म्हणाले, "जरा रस्त्यापलीकडे उभ्या राहता? ओळ सरळ आहे का ते जवळून कळत नाही. हे काम तिचं असायचं. छत्तीस वर्षं."

सिस्टर पलीकडे गेल्या, कपाळावर हात धरून बघू लागल्या.

"उजवीकडे वर चाललीय, काका!"

"किती?"

"बोटभर!"

"ती म्हणायची, अहो, निघाली तुमची ओळ आभाळात!" काका भिंतीकडे तोंड करून तसेच उभे राहिले.

मग त्यांनी टर्पेंटाइनचं फडकं घेतलं, ओळ पुसली आणि डावीकडून पुन्हा लिहायला घेतली. ती पुरी होईपर्यंत सिस्टर रस्त्यापलीकडे उन्हात उभ्या होत्या.