खाडीचे राखणदार

स्टेलाबाईंनी तिसरी-चौथीच्या मुलांसाठी खाडीकाठी दोन दिवसांचं निसर्गशिबिर काढलं होतं. फळ्यावर कांदळवन काढून दाखवण्यात काय मजा? म्हणून पहिल्या दिवशी ओहोटी लागताच त्यांनी मुलांना थेट चिखलातच उतरवलं. श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली मुळं बघून मुलं हरखली. चौथीतली सृष्टी तर एका खेकड्याच्या बिळापाशी बसली ती कुर्ली बाहेर येईपर्यंत हूं की चूं न करता. जाताना बाई म्हणाल्या होत्या, "आजपासून ह्या खाडीचे राखणदार तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवरच घरघर ऐकू आली. जेसीबीने निम्मं कांदळवन आडवं केलं होतं. वर तांबड्या मातीचे ढीग पडले होते.

"बाबा!" सृष्टी ओरडली.

जेसीबीवर तिचाच बाप होता, मंगेश. लेकीला बघून त्याने यंत्र बंद केलं आणि खाली उतरला.

"बाबा, थंय कुर्ल्यो आसत! तू तेंका गाडतस!"

स्टेलाबाई पुढे झाल्या. "मंगेश, जरा थांब रे. मी फोन करतंय."

त्यांनी वनखात्याच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, लेखी तक्रार द्या. पाहणी होईल."

"अहो, आत्ता झाडं पाडतायत! आज कुणी येईल का?"

"आज शक्य नाही."

फोन ठेवून त्या वळल्या. मंगेश मान खाली घालून उभा होता. "बाई, मी थांबलंय तर मालक दुसऱ्याक बसयतलो. झाडा काय ऱ्हवची नाय." मग लेकीकडे बघत हळूच म्हणाला, "पोरांका घेवन जावा. ह्या चेडवासमोर माझो हात चलाचो नाय."

"बाई, आमी राखणदार ना?" मागून एकाने विचारलं.

यंत्रासमोर मुलांना उभं करावं, असं क्षणभर बाईंच्या मनात आलं. पण परक्यांची पोरं ती, कुणाला काही झालं तर? त्यांनी मुलांची रांग केली आणि सगळ्यांना देवळाकडच्या चढणीवर नेलं. तिथे त्या भरती-ओहोटीबद्दल मोठमोठ्याने सांगू लागल्या. खालून पुन्हा घरघर सुरू झाली. मुलं ऐकत होती, पण बाईंकडे कुणी बघत नव्हतं.

संध्याकाळी मंगेश हातपाय धुऊन, शर्ट बदलून मोटारसायकलवरून लेकीला न्यायला आला. रोज त्याच्या पाठीला घट्ट चिकटून बसणारी सृष्टी आज मागची कडी धरून, अंतर ठेवून बसली.

बाईंना दोघांनाही खूप काही सांगायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "सृष्टी, बाबांका नीट धर गो. रस्तो खराब आसा."

तिने ऐकलं नाही. मंगेशने आरशातून मागे पाहिलं आणि गाडी अगदी सावकाश पुढे काढली.