विश्वास बसेपर्यंत

फांग मावशींनी आधी वाकून काचेतून आत पाहिलं. चालकाच्या जागी च्यू दिसला, तेव्हाच त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"आहेस ना रे उस्ताद? मला वाटलं, आज बिनमाणसाची भुताची गाडी पाठवली की काय."

"मी असताना भूत कशाला लागतंय, मावशी. बसा."

गाडी आपली आपण निघाली. च्यूने हात मांडीवर ठेवले. स्टिअरिंगला बोट लावायचं नाही, असा कंपनीचा दंडक होता. वुहानच्या रस्त्यांवर अर्धं आयुष्य टॅक्सी चालवलेल्या माणसाला आता न चालवण्याचा पगार मिळत होता. लोकांचा गाडीवर विश्वास बसेपर्यंतच ही नोकरी, हे साहेबाने पहिल्याच दिवशी हसतमुखाने सांगितलं होतं. म्हणून च्यू तो विश्वास बसू देत नसे. एखादा डिलिव्हरीवाला स्कूटर आडवी घाली, गाडी आपणहून थांबे, आणि च्यू दातांतून हवा ओढून म्हणे, "वाचलो." मी वाचवलं, असं मात्र तो कधी म्हणाला नाही. तेवढा तो प्रामाणिक होता.

"यंत्राला काय कळतंय," मावशी म्हणाल्या. "तू आहेस म्हणून गुडघ्याच्या शेकाला तरी जाते मी. हे घे, गरम आहे तोवर पी."

डब्यात बरगड्यांचं आणि कमळकाकडीचं सूप होतं. भर दुपारची वेळ; या वेळी अख्खं शहर टेबलावर डोकं टेकून डुलकी काढतं. च्यूने रिकामा डबा मागे दिला. पुलाचा चढ लागलेला त्याने पाहिला. उतार काही पाहिला नाही.

जाग आली ती हॉस्पिटलच्या दारात. गाडी पार्किंगच्या पट्ट्यांच्या मधोमध, शहाण्या मुलासारखी उभी होती. मावशी मागे गुपचूप बसून होत्या.

"काय घोरतोस रे. उठवावंसं वाटेना."

च्यू ताडकन मागे वळला. "मावशी, कंपनीला कळवू नका. नोकरी जाईल माझी."

"वेडा आहेस का? सूप मीच पाजायचं आणि चहाडीही मीच करायची?"

त्यांनी शब्द पाळला. कंपनीला अवाक्षर कळवलं नाही.

पुढच्या आठवड्यात च्यूची गाडी मावशींच्या वसाहतीच्या फाटकाशी आली. तिथे बिनमाणसाच्या गाड्या एरवी उन्हात ताटकळत असत, कुणी त्यांच्याकडे फिरकत नसे. रोज संध्याकाळी चौकात नाचणाऱ्या मंडळातल्या म्हाताऱ्या आज हातपंखे घेऊन त्यांच्यापाशी रांगेत उभ्या होत्या. मावशी एकेकीला आत ढकलत होत्या.

"अगं, बस बिनधास्त. आमचा उस्ताद पुलापासून हॉस्पिटलपर्यंत ढाराढूर झोपला होता. एक धक्का बसला असेल तर शपथ. माणूस असला काय नि नसला काय."

च्यूला पाहून त्यांचा चेहरा उजळला. शेवटच्या बिनमाणसाच्या गाडीत स्वतः बसून त्यांनी काच खाली केली.

"तू झोप रे आता निवांत. माझ्यासाठी कशाला जागतोस?"