कोरसातला आवाज

“काढा हो भावजी, काढा ती! ह्यांच्या घशात कुणी वाळू ओतल्यागत वाटतंय.”

धोंडिरामने घाईघाईने प्लेयरची दांडी उचलली. रेकॉर्ड मुकी होऊन फिरत राहिली. तरी शकुवहिनी कानांवरचे हात काढायला तयार नव्हत्या.

वाकोल्याच्या त्या खोलीत रविवारची दुपार होती. वहिनींच्या लेकीने, माधुरीने, आईच्या पासष्टीला रेकॉर्ड प्लेयरसाठी नवी कार्ट्रिज मागवली होती. दांडीच्या टोकाला बसणारी, सुई धरणारी ती अंगठ्याच्या पेराएवढी डबी. बसवायला अर्थातच धोंडिरामकाका. अंधेरीच्या कारखान्यात तीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त केलेला माणूस, शिवाय तिच्या वडिलांचा जिगरी दोस्त.

घरात रेकॉर्ड एकच. चाळीस वर्षांपूर्वी मानखुर्दच्या ह्या दोघा दोस्तांच्या गायन पार्टीने भीमजयंतीसाठी काढलेली. पहिल्या बाजूवर वहिनींचा नवरा तुळशीराम एकटा गायला होता. तुळशीरामला जाऊन अकरा वर्षं झाली. रोज सकाळी बुद्धवंदना आटोपली की शकुवहिनी ती बाजू लावत. नवऱ्याचा आवाज घरात फिरून गेल्यावरच त्यांचा चहा गॅसवर चढे.

“मम्मी, रिव्ह्यू बघून घेतलीय गं. सगळे झकास म्हणतात.” माधुरी दीड वर्षाच्या लेकीच्या मुठीतून स्क्रू-ड्रायव्हर सोडवत होती.

“सगळ्यांचे नवरे गायलेत का हिच्यावर? जुनीच बरी होती बाई. काय मऊ आवाज! लॉकडाऊनमध्ये भावजींनी सुई बदलून दिली, बघ कशी टिकली.”

माधुरीचा चेहरा उतरला. “काका, फॉल्टी आलीय ना? परत पाठवते.”

एक ‘हो’ पुरेसा होता. तो म्हटला की जुनी कार्ट्रिज परत बसणार होती, नवी डब्यात जाणार होती, आणि कुणाला कधी काही कळणार नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये सुई कुठेच मिळत नव्हती. वहिनींचा मात्र रोज फोन: “भावजी, ह्यांचा आवाज बंद आहे हो घरात.” शेवटी लाजेकाजेस्तव धोंडिरामने झिजलेली सुईच ब्रशने साफ केली, गाणं उडी मारू नये म्हणून दांडीवर रुपयाचं नाणं चिकटवलं आणि सांगून टाकलं, नवी बसवली, हिला वजन लागतं. दुकानं उघडली की बदलू, असं मनाशी ठरवलं होतं. दुकानं उघडली. पण वहिनी दर वेळी कौतुकाने पोह्यांची बशी पुढे करत, आणि शब्द पोह्यांबरोबर पोटात जात.

पाच वर्षं ती झिजून कडा आलेली सुई रोज सकाळी तुळशीरामच्या आवाजावरून नांगरासारखी फिरली होती. जुनी कार्ट्रिज बारीकसारीक काही ऐकवतच नसे, सगळ्यावर गोधडी घाली. म्हणून तो मऊपणा. नवी सुई बारीक, हलकी. रेकॉर्डच्या खाचेत जे उरलं होतं, तेवढंच ती सांगत होती.

“काका?”

त्याने रेकॉर्ड उलटली. ही बाजू वहिनी कधी लावत नसत, कारण तुळशीराम तिच्यावर नुसता कोरसात होता. धोंडिरामने तीच नवी सुई तिच्यावर ठेवली.

ढोलकीची थाप अशी आली की छोटी दचकून आजीला बिलगली. पेटीचा भाता श्वास घेताना ऐकू येत होता. वाळूचा एक कण नाही.

“अगंबाई,” वहिनी म्हणाल्या. आणि मग हळूच, “मग त्या बाजूला काय झालं?”

धोंडिरामने दांडी उचलली आणि तो खालीच बसला. “मी झालो, वहिनी.”

त्याने सगळं सांगितलं. नाण्यासकट.

माधुरीच भडकली. “एकदा बोलायचं ना काका! मी कुठूनही आणली असती सुई. दुसरी रेकॉर्ड मिळेल आता?”

“नाही मिळणार.”

“आणि तुम्ही इथे बसून पोहे खात होतात!”

“गप गं,” वहिनी म्हणाल्या. त्या रडल्या असत्या, बोलल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. त्या रेकॉर्डकडेच बघत होत्या. “लावा ती बाजू. कोरस येऊ दे.”

कोरस आला. सात जणांचा. जुन्या कार्ट्रिजवर त्याचा नुसता गलका झाला असता. आज माणसं वेगवेगळी उभी होती. वहिनींनी मान कलती केली, डोळे मिटले, आणि अचानक त्यांचं बोट वर गेलं.

“हा! जरासा नाकातला. हा ह्यांचा. ह्यांचाच ना, भावजी?”

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं होतं की माधुरीचाही राग क्षणभर ओसरला. धोंडिरामने तो आवाज केव्हाच ओळखला होता. अठ्ठावीस वर्षांचा, सर्दी झालेला. ‘हो’ पुन्हा जिभेवर येऊन बसला. या वेळी तर तो कुणाचं काही बिघडवणार नव्हता.

“नाही वहिनी,” तो म्हणाला. “तो माझा.”

बोट तसंच हवेत राहिलं.

“तुळशा माझ्या डावीकडे होता. माईक एकच, त्यात मी पुढे घुसलेलो. माझ्या मागे तो दबलाय थोडा. पण आहे.”

वहिनींनी पदराने डोळे कोरडे केले. नातीला माधुरीच्या मांडीवर दिलं. खुर्ची स्पीकरजवळ ओढली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या,

“परत लावा. तुमचा आवाज आला की सांगा. तेवढा सोडून ऐकते मी.”

त्याने सुई अलगद टेकवली. ढोलकी झाली, पेटी झाली.

“आला,” धोंडिराम म्हणाला.