नत्थूजींच्या विहिरीचं पाणी

पंच्याऐंशी सालची गोष्ट. विद्यापीठाच्या माणसांचं एक बरं होतं. महिन्याला जीप घेऊन रोहण्याच्या शाळेत येत, पण भाषणं झोडत नसत. गणित असो की विज्ञान, पोरांच्या हातूनच करवून घेत. या खेपेला त्यांनी औषधाची पट्टी घातलेल्या बाटल्या दिल्या. आपापल्या विहिरीचं पाणी भरा, झाकून ठेवा. काळं पडलं तर त्यात मैला मिसळतोय समजा. शिकवणाऱ्या कुसुमबाई. वर्गाला हुरूप यावा म्हणून त्यांनीही घरच्या विहिरीचं पाणी भरलं.

त्या पाण्याचं गावात केवढं कौतुक! सासरे नत्थूजी भाजीच्या मळ्यातून आले की रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारमारून ते पाजत.

दुसऱ्या दिवशी खिडकीत ठेवलेल्या बाटल्या पाहतात तो काय, त्याच पाण्याची बाटली काळीकुट्ट!

"बाई, हे कोनाची?" पोरं विचारू लागली.

बाटलीवर नुसता आकडा होता. कुणाची ते बाईंनाच ठाऊक. दडवणं किती सोपं होतं! पण गेल्या साली त्यांची रांगती गुलाब हगवणीनं गेली होती. शाळेपायी लेकराची आबाळ केली, म्हणून सासू शकुबाई उठता-बसता तोंड सोडत. एकट्या नत्थूजींनी कधी ब्र काढला नव्हता. आणि गुलाबला मांडीवर घेऊन वाटीनं पाणी पाजायचे ते हेच नत्थूजी. सांगावं तर म्हाताऱ्याचं काळीज फाटणार. न सांगावं तर उद्या आणखी कुणाचं लेकरू जायचं.

"माझी," त्या म्हणाल्या. "माझ्या घरची."

शाळा सुटताच, गावात बोभाटा व्हायच्या आत त्या बाटली घेऊन घरी पोहोचल्या. नत्थूजींनी बाटली हातात धरून सगळं ऐकून घेतलं.

"मंग आपली गुलाब या पान्यानं गेली काय वं, सूनबाई?"

"तवाचं पानी कोनी तपासलं, मामाजी? पक्कं नाई सांगता येत." हो म्हणवेना आणि खोटंही बोलवेना. बाईंना रडू फुटलं.

नत्थूजी उठले. विहिरीच्या चाकावरचा दोर ओढून काढला, गुंडाळला आणि शकुबाईंच्या पुढ्यात आणून ठेवला.

"इतके दिवस तू इले बोलून राह्यली," ते म्हणाले. "आजपासून मले बोलजो."