ओतून द्यायचं पाणी

मी एक जुनं पातेलं आहे. आमच्या ओट्यावर तीन पातेली, दोन कढया आणि एक चाळणी. त्यांत सर्वांत मोठं मीच. बुडाशी काळं, काठाला पोचा आलेलं.

मित्रांनो, माझ्यात शिजलेल्या रश्शाची एकेकाळी फार वाहवा व्हायची. मग घरधन्याची, म्हणजे आमच्या शिंपीदादाची, मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. भाज्यांत पोटॅशियम असतं. जास्तीचं पोटॅशियम आपली मूत्रपिंडं बाहेर टाकतात. दादाच्या मात्र ते रक्तातच साचतं, आणि फार साचलं की हृदयाचा ठेका बिघडतो. म्हणून त्याची बायको बटाटे बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि पाणी ओतून देते. बरंचसं पोटॅशियम त्या पाण्याबरोबर जातं. रस्सा गेला, माझ्याकडे एवढंच काम उरलं.

मग दादाची थोरली बहीण राहायला आली.

“अगं, सगळं सत्त्व मोरीत आणि माझ्या भावाला चोथा?”

“ताई, ते पाणी त्यांना चालत नाही.”

“बरं बाई, तू शहाणी!”

पण बायको बाहेर गेली की ताई त्याच पाण्यात मिरी घालून भावाला द्यायची. तोही भुरके मारत म्हणायचा, “हिला सांगू नकोस हं. किती दिवसांनी तोंडाला चव आलीय!”

मला सारं दिसत होतं. पण पातेल्याचं तोंड काय कामाचं?

डायलिसिसला दोन दिवसांची सुट्टी होती. दुसऱ्या दुपारी बाहेरच्या खोलीतलं शिलाई मशीन रेंगाळलं आणि थांबलं.

“अगं, पायडल दाबवत नाहीये. पाय शिशाचे झालेत.”

बायकोनं नाडी धरली. ती मध्येच चुकत होती. “काय खाल्लंत?”

ताईनं माझ्याकडे बोट दाखवलं. “ते पाणी... मीच दिलं गं.”

दवाखान्यात पोचताच ताईनं डॉक्टरांना हेच आधी सांगितलं. पाचाच्या आसपास हवं ते पोटॅशियम ७.२ निघालं. हृदय सांभाळणारं इंजेक्शन दिलं, लगेच डायलिसिस केलं.

दादा घरी परतला तेव्हा ताईचे डोळे सुजले होते. “मारलंच असतं की रे मी तुला!”

“मिरी मात्र झकास होती.”

“दोघं एका माळेचे मणी!” बायको म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

मित्रांनो, अशा आजाऱ्याला मायेनं काही भरवाल, तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. आणि त्यानं गुपचूप मागितलं, तर गुपचूप देऊ नका.

आता माझ्यातलं पाणी ताईच ओतते, शेवटच्या थेंबापर्यंत.

पुढच्या आठवड्यात रक्त तपासलं. पोटॅशियम ४.९.