रविवारच्या समारंभाचा शुक्रवारचा वृत्तांत

कल्याणच्या 'खाडीकाठ' साप्ताहिकात कोणताही समारंभ होण्यापूर्वीच यशस्वी रीतीने पार पडत असे. यात लबाडी नव्हती, खिळ्यांची टंचाई होती. संपादक हरिहरपंत मोडक यांच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे इतके थोडे होते की दोन पानं छापून मोडल्याशिवाय पुढची दोन जुळवता येत नसत. त्यामुळे अंक शुक्रवारी यंत्रावर चढायचा, त्यावर तारीख सोमवारची पडायची, आणि समारंभ नेमके मधल्या रविवारी व्हायचे. यावर पंतांनी फार वर्षांपूर्वी तोडगा काढला होता. वृत्तांत आधी लिहायचा. समारंभ मागाहून त्याच्यासारखा होतोच.

आणि तो होतही असे. मंडप फुललेला, अध्यक्षांचं भाषण उद्बोधक, शेवटी आभार. आभार संपले की पंत मंडपाच्या दारात गठ्ठा सोडत, आणि ज्यांची नावं छापली असतील ती मंडळी अंक घेऊन घरी जात. मागच्या रांगांना तर भाषणात काय झालं हे तिथंच प्रथम कळे.

हे शास्त्र पुढच्या पिढीला मिळावं म्हणून १९५३ साली पंतांनी 'विद्यार्थी-पान' सुरू केलं. मुंबईच्या कॉलेजात जाणारी ठाण्या-डोंबिवलीची पाच-सहा मुलं दर मंगळवारी छापखान्यात जमत. पंत शिकवत, "नाव गाळलंत की एक वाचक गेला. विशेषणाला भिऊ नका, विशेषणावर कुणी खटला भरत नाही. आणि स्वतःचं मत लिहू नका, त्यासाठी मी बसलोय."

या मुलांत सुमेधा वझे सर्वांत तयारीची. डोंबिवलीच्या कन्याशाळेतून ती मॅट्रिक झाली होती. शाळा देवळाच्या सभामंडपात भरे, आणि कीर्तन लवकर सुरू झालं की भूगोल बुडे. त्या शाळेला आता इमारत हवी होती, इमारतीला जमीन हवी होती, आणि जमीन कोपरच्या गोपीनाथ भोइरांकडे होती. रविवारी त्यांचा सत्कार ठरला. शाळेचे चिटणीस आनंदराव कारखानीस गुरुवारी छापखान्यात येऊन सांगून गेले, "लिहून टाक गं. रेल्वेलगतचा दीड एकराचा तुकडा देतायत. ठरल्यातच जमा."

सुमेधेनं लिहिलं, 'टाळ्यांच्या कडकडाटात श्री. गोपीनाथशेठ यांनी शाळेस दीड एकर जागा विनामूल्य देण्याची घोषणा केली.'

पंतांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "दान देताना माणूस गहिवरत नाही?"

"गोपीनाथशेठ गहिवरतील असं वाटत नाही, पंत."

"भेटलीयेस त्यांना?"

"नाही."

"मग कशावरून म्हणतेस?" पंतांनी विचारलं, आणि 'गहिवरून' हा शब्द घातला. शुक्रवारी अंक छापून झाला.

रविवारी सकाळी सुमेधा कोपरला गेली. पुढच्या अंकात दात्याचा परिचय द्यायचा होता, आणि परिचयाला वडिलांचं नाव लागतं. गोपीनाथशेठ ओटीवर दाढी करत होते. त्यांच्या पत्नीनं, ठमाबाईंनी, चहा आणून ठेवला.

"आज तुम्ही जागा जाहीर करणार," सुमेधेनं वही उघडली, "तर त्याबद्दल आधी..."

वस्तरा गालावर थांबला. "कोन बोलला?"

"आनंदराव म्हणाले."

"आनंदरावान मागली, मी 'बगू' बोललो. तवर त्यांनी हारांची वर्दी पन दिली." त्यांनी वस्तरा पुसला. "पोरी, आमचा मिठागर गेला तवा पन असाच झाला. सरकारान पयला कागूद चिकटवला, मंग आमाला इचारला. आज मी मंडपान बसनार, मानसा कशी हायती ती बगनार. पटली तं माज्या तोंडान बोलीन. माज्या आदी कोनी बोलला, तं एक वीत देनार नाय."

"कोन कशाला बोलतंय?" ठमाबाई म्हणाल्या. "चा घे, पोरी. निवेल."

सुमेधेनं चहा एका घोटात संपवला, जीभ भाजली, आणि वडिलांचं नाव न विचारताच ती निघाली.

देवळापुढच्या मंडपात आनंदराव हारांवर पाणी शिंपडत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि आणखी पाणी शिंपडलं. "अगं, शेतकरी माणूस आधी 'बघू'च म्हणतो. तू कॉलेजात शिकतेस, तुला समजायला हवं."

पंतांना मात्र समजलं. छापलेल्या अंकावर संकट आलं की त्यांना चटकन समजत असे. दुपारच्या गाडीनं गठ्ठा घेऊन ते उतरले होते. त्यांनी तो मंडपाच्या कडेला ठेवला, वर पंचा पसरला आणि त्यावर बसले.

"शेठ बोलेपर्यंत उठत नाही," ते म्हणाले. "एकही अंक बाहेर गेलेला नाही."

"नक्की ना, पंत?"

"मी खोटं बोलेन का?"

पाच वाजता समारंभ सुरू झाला. स्वागतगीत झालं. हार घालताना आनंदरावांनी "कोपरचे भूषण" म्हटलं, आणि मंडपातल्या कोपरकरांनी एकमेकांकडे पाहिलं. गोपीनाथशेठ हार मांडीवर घेऊन बसले होते. त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत होती. वार्ताहरांच्या बाकावर बसलेल्या सुमेधेवरून ती पुढे गेली, आणि पंतांवर थोडी रेंगाळली. बसायला खुर्च्या असताना हा गृहस्थ गठ्ठ्यावर का बसलाय, असा प्रश्न कुणालाही पडला असता.

मग अध्यक्ष उठले. निवृत्त मामलेदार दौलतराव प्रधान हे पंचक्रोशीतल्या बहुतेक समारंभांचे अध्यक्ष असत. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडला, आणि सुमेधेला वरच्या कोपऱ्यात 'खाडीकाठ' ही अक्षरं दिसली.

ती बाकावरून सरकत पंतांपाशी गेली. "पंत, त्यांच्याकडे अंक आहे!"

"असणारच," पंत पुटपुटले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता. "अध्यक्षांची प्रत शनिवारीच घरी जाते. रिवाज आहे तो. आपण काय बोलणार हे त्यांना आधी कळायला नको?"

"तुम्ही म्हणालात एकही..."

"अध्यक्षांची प्रत मी अंकात धरत नाही."

दौलतराव वाचू लागले. सुमेधेनं लिहिलेलं भाषण आवाज चढवत, योग्य जागी थांबत ते वाचत होते. स्त्रीशिक्षणाचं महत्त्व झालं. संस्थेचा इतिहास झाला. भाषण आणि पुढचा वृत्तांत यांच्यामध्ये आडवी रेघ नव्हती; जागा वाचावी म्हणून पंतांनी ती शुक्रवारी स्वतः काढून टाकली होती. सुमेधा उठून उभी राहिली आणि तिनं हात हलवला. दौलतरावांना वाटलं, मुलगी भारावली आहे. त्यांनी मान लववून दाद स्वीकारली आणि पुढचं वाक्य घेतलं.

"'त्यानंतर टाळ्यांच्या कडकडाटात श्री. गोपीनाथशेठ यांनी गहिवरून शाळेस दीड एकर जागा...'"

'विनामूल्य'पाशी त्यांचं त्यांनाच काहीतरी जाणवलं. पण तोवर पुढच्या रांगांनी टाळ्या सुरू केल्या होत्या, आणि मागच्या रांगांनी पुढच्यांचं पाहून. कडकडाट अगदी छापल्याप्रमाणे झाला.

गोपीनाथशेठ उठले. मांडीवरचा हार त्यांनी खुर्चीवर ठेवला. टाळ्या विझायला वेळ लागला. ते थांबून राहिले.

"मी बोललो म्हनं," ते म्हणाले. "कवा बोललो?"

आनंदराव हसल्यासारखं करत पुढे झाले. "शेठ, छापखान्याची जरा गडबड..."

"तुमी बसा. ज्यान लिवला त्यान सांगावा."

पंत गठ्ठ्यावर बसून समोरच्या कनातीकडे बघत होते. सुमेधा उभीच होती. तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "गुरुवारी. तुम्हाला न विचारता. आज सकाळी विचारलं, तेव्हा छापून झालं होतं."

"गहिवरलो तां पन तूच लिवलंस?"

तिनं पंतांकडे पाहिलं नाही. "माझ्या नावाच्या वृत्तांतात आहे."

मंडपात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. गोपीनाथशेठांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"वही हाय नं? मंग आता लिव. मी हतं हाय, तू हतं हायस. गोपीनाथ बोलला, आज जागा देत नाय. घरान इचारीन. झाला."

सुमेधेनं लिहून घेतलं. शेठ चपला घालून निघाले, त्यांच्यामागे कोपरची माणसं निघाली, आणि उरलेल्या निम्म्या मंडपासमोर आनंदरावांनी ठरल्याप्रमाणे आभार मानले. पंतांनी गठ्ठा सोडला नाही. तो पाठीवर घेऊन ते कल्याणला परत गेले.

मंगळवारी छापखान्यात खुलाशाचा विषय निघाला; अंक वाटला नसला तरी सगळ्या मंडपानं तो ऐकला होता.

"'मुद्रणदोषामुळे' असं लिही," पंत म्हणाले.

"मुद्रणदोषानं दीड एकर जागा येते-जाते का, पंत?"

"छापखान्यात काय काय होतं याची तुला कल्पना नाही."

सुमेधेनं चार ओळी लिहिल्या. मागच्या अंकातला वृत्तांत समारंभाआधी लिहिला होता, गोपीनाथशेठ यांनी अशी घोषणा केली नाही, ते गहिवरले नाहीत, आणि त्यांचे शब्द पुढीलप्रमाणे. पंतांनी पेन उचललं, चार ओळींवर बराच वेळ फिरवलं आणि एकही शब्द न कापता खाली ठेवलं. "शाळेची जमीन घालवलीस, आता माझं साप्ताहिक घालव," एवढंच म्हणाले. पण जुळवायला दिलं.

गुरुवारी ती खुलाशाचं कच्चं मुद्रित घेऊन कोपरला गेली. छापण्याआधी बातमी ज्याची त्याला दाखवण्याचा 'खाडीकाठ'मधला तो पहिलाच प्रसंग. शेठांनी शकूला, आपल्या मुलीला, वाचायला लावलं. शकूनं अडखळत वाचलं. 'गहिवरले नाहीत'पाशी ठमाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

"असाच झाला," शेठ म्हणाले. मग ओटीवरून उठून ते खांबाला टेकले. "मी घरान इचारला. आता त्याच्याखाली लिव. जागा..."

"नको, काका." सुमेधेनं पेनला टोपण लावलं. "आधी आनंदरावांना सांगा. शाळेत जाऊन, तुमच्या तोंडानं. मी तिथं येते. मग लिहिते."

"या अंकान येल नं?"

"नाही. पुढच्या."

"लय उशीर."

"हो. झाल्यावर लिहिलं की होतो."

शेठांनी शकूला हाक मारली आणि टोपी मागितली.